वळचणीखालची साबणाची डबी

लवूभाऊ पावसकर गेल्या मे महिन्यात टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाले. निरोपाला त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ काखेत मारून आमच्याकडे आले आणि ओटीवर बसत म्हणाले, "भाभी, चौतीस वर्षं मी कुठं वेळेवर पोचलो नाय, आणि आता घरी बसायच्या वेळेला घड्याळ देतायत."

त्यात खोटं काही नव्हतं. फोन बंद पडला की आम्ही तक्रार द्यायचो आणि त्या दिवशी बंदरावर काय मासळी आली आहे ते बघायचो. सरंगा किंवा चांगली मोठी कोलंबी आलेली असली, तर लवूभाऊ दुपारी बाराच्या सुमाराला हजर. सुक्या बोंबलावर भागवायचा दिवस असला, तर उद्याची वाट बघायची. आमचे हे, म्हणजे रशीद, त्यांना तोंडावर म्हणायचे, "लवू, तुझा कान तारेला आणि नाक कालवणाला."

"खांबावर चढला की सगळ्या मोहल्ल्याचा जेवण कळतो, रशीदभाई. त्यात माजा काय गुन्हा?"

पण एकदा खांबावर चढले की त्यांच्यासारखा माणूस सबंध रत्नागिरीत नव्हता. बुटके, वाळलेले, अंगात खाकी शर्ट, खांद्याला दोन चिमट्यांचा टेस्टचा फोन. चपला खांबाच्या पायथ्याशी अशा जोडीनं ठेवायचे, की येणाराजाणारा वळसा घालून जाई. आमचा राजिवडा खाडीच्या तोंडाशी. हवा इतकी खारी, की तांब्याच्या उघड्या तारेवर सहा महिन्यांत हिरवा थर चढतो. लवूभाऊंनी केलेला जोड मात्र वर्षानुवर्षं टिकायचा. दोन तारांना ते बरोबर सात वळसे द्यायचे, वर मेणात बुडवलेली कापडाची चिंधी गुंडाळायचे आणि तिच्यावर काळी टेप. सहा वळसे नाहीत, आठ नाहीत.

"सात फेरे घातले की जोडा सुटत नाय," ते म्हणायचे.

"आमच्यात कुठे फेरे घालतात? तरी टिकलोच की," रशीद म्हणाले.

"तो भाभींच्या सबुरीचा गुण. त्याला टेप लागत नाय."

अशा या लवूभाऊंची आणि माझी खरी परीक्षा गेल्या वर्षी डिसेंबरात झाली. ती लिहून ठेवावी असं तेव्हापासून मनात होतं. दिवसा हात रिकामे नसतात आणि रात्री माझी झोप अशीही उशिराच येते, म्हणून आज बसले आहे.

आमचा मुलगा अनस २००७च्या फेब्रुवारीत दोह्याला गेला. बांधकामाच्या कंपनीत नोकरी. जाताना धाकट्या बहिणीला, इरमला, सांगून गेला की तुझ्या निकाहला मी असणारच. पुढे इरमचं ठरलं, तारीख निघाली डिसेंबरातल्या रविवारची, आणि अनसचा फोन आला की पहिल्या वर्षात रजा मिळत नाही. मी फोनवर "काही हरकत नाही, बाळा" म्हटलं आणि ठेवल्यावर अर्धा तास कांदा चिरत बसले. त्या दिवशी घरात कांद्याचं काही करायचं नव्हतं.

इरम रडली नाही. ती हट्टी आहे, वडिलांवर गेली आहे. तिनं सरळ जाहीर केलं, "भाई येऊ शकत नाही, पण बघू शकतो. कॉम्प्युटर आहे, कॅमेरा आणू. निकाहचे वकील आणि साक्षीदार माझी कबुली तीनदा विचारायला येतील तेव्हा भाई समोर स्क्रीनवर पाहिजे. तो दिसला नाही तर मी हो म्हणणार नाही."

"मग नवऱ्या मुलाकडच्यांना मी काय सांगू? रेंज नाही म्हणून लग्न थांबलंय?" रशीद म्हणाले.

"सांगा. त्यांच्याही घरी तोच इंटरनेट आहे."

निकाह जोहरच्या नमाजानंतर, दुपारी दोनला. अनसच्या साहेबांनी त्याला तासाभराची सवलत दिली, तिथले अकरा ते बारा. म्हणजे आपले दीड ते अडीच. जे काही दिसायचं ते या एका तासात.

पंधरा दिवस आधी आम्ही सराव सुरू केला. कॉम्प्युटर माजघरात, जिथे इरम बसणार होती तिथेच. शेजारी मोडेम, त्यावर हिरवे दिवे. अनस दुपारच्या सुट्टीत नेट कॅफेत जाऊन मेसेंजरवर यायचा. पहिल्या दिवशी त्याचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली, मागे कोणीतरी चहा पीत असलेलं. मी त्याला विचारलं, "जेवलास का?" तो तोंड उघडून उत्तर द्यायला लागला आणि तसाच राहिला. उघड्या तोंडाचा अनस, पाच मिनिटं. मग चित्र गेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. अनस म्हणाला, मोडेम बंद करून दहा आकडे मोजा आणि चालू करा. आम्ही मोजले. इतके मोजले, की रशीद तसबीहची माळ घेऊन बसावं तसे बसायला लागले. ते जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत काम केलेले, त्यामुळे कोणतंही यंत्र हादऱ्यानं बिघडतं अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी मोडेमखाली घडी केलेला टॉवेल घातला. टॉवेलावर तो फार उघडाबोडका दिसतो म्हणून मी इरमच्या गरारा-कुर्त्यातून उरलेल्या साटीनची खोळ शिवून त्याच्यावर चढवली, कडेला बारीक गोट लावून.

शेवटी मी तक्रार दिली. बाजारात सरंगा नव्हता, तरी लवूभाऊ दुसऱ्याच दिवशी आले. लग्नघर म्हणून.

आल्या आल्या त्यांनी खोळ काढली. मोडेमला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"भाभी, ह्याला काय थंडी वाजते?"

"धूळ बसू नये म्हणून."

"वर रेशीम, खाली टॉवेल. बाळंतिणीला पण इतका ठेवीत नाय कोण."

खोळ आणि टॉवेल निघाले. मग ते खांबावर चढले. खांबावरच्या डब्यात आमच्या तारेच्या टोकाला हिरवा थर होता, तो खरवडून त्यांनी नवा जोड केला, सात वळशांचा. फणसाच्या फांदीला तार घासत होती, ती फांदी तोडली. घरात येऊन मोडेमसमोर स्टुलावर बसले. मी चहा दिला, नानकटाई दिली, पुन्हा चहा दिला. पाऊण तास अनस स्क्रीनवर हसत-बोलत होता. एकदाही अडकला नाही. लवूभाऊ उठले, चपला घातल्या.

ते गल्लीच्या टोकाला पोचले असतील नसतील, आणि इरम आतून म्हणाली, "गेला."

मग हे रोजचंच झालं. लवूभाऊ बसले की लाइन चालू, लवूभाऊ गेले की बंद. रशीद म्हणाले, "लवू, तू निकाहच्या दिवशी इथेच मुक्काम कर. मोडेम तुला लाजतो." आणखी एक चमत्कार होता. मी तक्रारीला फोन केला की ऑफिसातला माणूस सांगायचा, "हो बाई, आत्ता तुमची लाइन पडलेली दिसतेय." आणि मी फोन ठेवून माजघरात येईपर्यंत दिवे परत लागायला लागलेले असायचे. मला वाटायचं, चला, तक्रारीचा उपयोग होतो.

लवूभाऊ मात्र गप्प झाले होते. जोड त्यांचा, तार त्यांची, तरी बिघाड हाताला लागत नव्हता. जेवायला बसा म्हटलं तर नको म्हणाले, आणि त्या दिवशी घरात कोलंबी होती. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

"नवीन पोरांनी जोडला असेल कायतरी," ते ओटीवर बसून पुटपुटले. "ही इंटरनेटवाली पोरं. जोड करायला सांगितला तर दोन टोकं एकमेकांना भेटवतात नि जातात. ज्या कोणी हात लावलाय त्याला शोधून काढतो नि कान पिळतो."

गुरुवार आला. निकाहला तीन दिवस. दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. लवूभाऊ दुपारी शिडी घेऊन आले आणि कोणाला काही न सांगता वळचणीखाली, तार घरात शिरते तिथे चढून बसले. टेस्टच्या फोनचे दोन चिमटे त्यांनी तारेला लावले आणि फोन कानाला. नुसता ऐकण्यापुरता लावला की त्यानं लाइनला काही होत नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आत इरम अनसशी बोलत होती. मी माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नेहमीसारखी येरझारा घालत होते.

थोड्या वेळानं इरम म्हणाली, "गेला."

लवूभाऊ शिडीवरून उतरले. ओटीवर आले, पाणी मागितलं. पाणी सावकाश प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"भाभी, राग नाय ना येणार?"

"कशाचा?"

"तुमी फोनशी बोलताव?"

मी तांब्या उचलला. रशीद पेपर वाचत होते, तो खाली आला.

"आत्ता माझ्या कानात बाईमाणूस बोलला," लवूभाऊ म्हणाले. "आधी उसासा टाकलान. मग म्हणाला, 'चालू आहे ना रे बाबा, चालूच राहा, तुझ्यावर सगळं आहे.' नि खट् करून ठेवलान. नि तेव्हाच पोरगी आतून म्हणाली, गेला."

आता सांगून टाकणं भाग आहे. आमच्या स्वयंपाकघरात दाराआड एक जुना काळा फोन आहे. रशीद जहाजावर असल्यापासून मला एक सवय लागली. फोन मेला तर नाही ना, हे बघायला मी अधूनमधून रिसिव्हर उचलून कानाला लावते. आतला तो एकसुरी आवाज आला की बरं वाटतं. रशीद निवृत्त होऊन घरी आले तेव्हा सवय गेली होती. अनस गेल्यावर परत आली. दिवसातून दहा वेळा, काळजी असली तर वीस वेळा. आणि उचललाच आहे तर दोन शब्द बोलते, एवढंच. तक्रारीचे फोनही मी तिथूनच करत होते. लवूभाऊ समोर बसलेले असले की मी चहा-नानकटाईत गुंतलेली, त्यामुळे त्या फोनला हात लागत नसे. ते गेले की मी पहिली स्वयंपाकघरात जाऊन लाइन बघायची.

"म्हणजे," रशीद शांतपणे म्हणाले, "लाइन पडते म्हणून ही काळजी करते, आणि ही काळजी करते म्हणून लाइन पडते."

इरम दारात येऊन उभी होती. "अम्मी," ती म्हणाली, "बारा दिवस मी भाईला सांगतेय की तुझ्या कॅफेचा कॉम्प्युटर खराब आहे."

मी बचावाला म्हटलं, "पण ओटीवरचा फोन उचलला तर काही होत नाही. मग यानंच का?"

हा प्रश्न बरोबर होता. लवूभाऊही त्यावरच अडले होते. मोडेमबरोबर एक स्प्लिटर येतो, काड्यापेटीएवढी पांढरी डबी. एका तोंडानं तार आत शिरते, दुसऱ्यातून फोन निघतो, तिसऱ्यातून इंटरनेट. चाळणीसारखं दोघांना वेगळं ठेवते. ओटीवरचा फोन त्या चाळणीतून येत होता. स्वयंपाकघरातला काळा फोन चाळणीच्या आधीच कुठून तरी तारेला चिकटलेला, म्हणून तो उचलला की इंटरनेटचा गळाच दाबला जाई.

"कुठून जोडलाय ते बगतो," म्हणून लवूभाऊ परत शिडीवर चढले. "नि कोणी जोडलाय ते पण."

वळचणीखाली चुन्याचे थरावर थर बसलेले. त्यांनी पकडीच्या टोकानं चुना खरवडला. खालून काळी टेप निघाली. टेपखाली मेणाची चिंधी. चिंधी सोडवून ते तसेच बघत राहिले.

खालून रशीदनी विचारलं, "किती वळसे आहेत रे, लवू?"

लवूभाऊ बोटानं मोजायला लागले.

"सहा की आठ?"

"सात," लवूभाऊ म्हणाले. मग पुढे म्हणाले, "जोड झकास हाय. अकरा वर्षं झाली, हिरवा ठिपका नाय."

मग मलाही आठवलं. शहाण्णव साल. रशीदनी कुठल्याशा बंदरावरून दोनदा फोन केला होता, आणि मी मागे पाट्यावर वाटण वाटत असताना मला घंटी ऐकू आली नव्हती. दुसऱ्या दिवशी लवूभाऊ दुसऱ्याच कामासाठी आले. माझे डोळे सुजलेले बघून त्यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी एक जुना काळा फोन घेऊन आले, वळचणीखाली जोड मारला आणि फोन स्वयंपाकघरात दाराआड ठेवला. म्हणाले, "हा कुठं कागदावर नाय. तुमी पण विसरा." मी फोन विसरले नव्हते, तो जोडला कोणी ते तेवढं विसरले होते. लवूभाऊ दोन्ही विसरले होते.

"लवू," रशीद म्हणाले, "तो कान पिळायचा राहिला."

लवूभाऊंनी शिडीवरूनच स्वतःचा कान धरला.

आता उपाय सोपा होता. एक तार कापली की काम झालं. लवूभाऊंनी पकड लावलीही, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कापा. मुलीच्या निकाहपुढे काय." अनसचा रोजचा फोन रात्री येतो, मी भांडी आवरत असते तेव्हा. लवूभाऊंनी पकड खिशात घातली.

"पोरगा रातचा फोन करतो ना? मग नाय कापीत. चाळण हलवतो."

स्प्लिटर त्यांनी कॉम्प्युटरमागून काढला आणि वळचणीखाली आणला, तार घरात शिरते तिथेच, म्हणजे दोन्ही फोन त्याच्या पलीकडे गेले. पण बाहेर खारी हवा, तो टिकणार कसा? त्यांनी घरात नजर फिरवली आणि इरमच्या रुखवताच्या सामानातली नवीकोरी गुलाबी साबणाची डबी उचलली.

"लवूकाका, ती माझी आहे," इरम म्हणाली.

"तुझ्यासाठीच लावतोय. तिकडं सासरी साबण कागदावर ठेव."

डबीला तारांपुरती भोकं पाडून, फटी मेणानं बुजवून त्यांनी ती वाशाला खिळ्यानं ठोकली. मग मला सांगितलं, जा आणि फोन उचला. मी उचलला. इरम म्हणाली, "आहे." ठेवला, परत उचलला. "आहे." पाच वेळा झालं. सहाव्यांदा लवूभाऊ म्हणाले, "पुरे आता. भाभी, तो पण माणूस हाय." त्या दिवशी ते कोलंबी जेवले. आदल्या दिवसाची, पण दोनदा वाढून घेतली.

रविवारी मांडव माणसांनी भरला. दीड वाजता अनस स्क्रीनवर आला. नेट कॅफेत इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून बसला होता. माझी खात्री आहे, तिथे सगळे त्याच्याकडे बघत असणार. चित्र जरा चौकटीचौकटीचं होतं, पण हलत होतं. इरमला आणून बसवली. बायका दाटीनं भोवती. पुरुषांच्या बाजूला निकाहचं प्रवचन, खुतबा, संपला आणि कोणीतरी म्हणालं, वकील आणि साक्षीदार आत येतायत.

त्या क्षणी मी माजघरात नव्हते.

पाय मला कधी स्वयंपाकघराकडे घेऊन गेले ते कळलंच नाही. साबणाची डबी आहे, चाळण आहे, सगळं माहीत होतं. पण एकदा बघावं, फक्त एकदा. दार ओढलं, तर दाराआड लवूभाऊ. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल बांधलेला, स्टुलावर बसलेले, आणि काळा फोन मांडीवर.

"हां, येणार म्हाईत होता मला," ते म्हणाले.

"नुसतं बघते, चालू आहे का."

"चालू हाय. दर दोन मिन्टांनी मीच उचलून बगतोय." त्यांनी फोन पोटाशी धरला. "भाभी, इथं कायपण दिसत नाय. तिथं जावा."

मी गेले. बायकांमधून वाट काढत पोचले तेव्हा वकील दुसऱ्यांदा विचारत होते. इरमनं मान वर करून स्क्रीनकडे बघितलं. अनस दोन्ही हातांनी कॅफेचं टेबल धरून पुढे वाकला होता. तेवढ्यात घरातले दोन्ही फोन एकदम वाजले. नातेवाइकांपैकीच कोणीतरी मुबारक म्हणायला घाई केली असणार. मी मोडेमच्या दिव्यांकडे बघितलं. एक घंटी, दोन घंट्या. तिसरी वाजण्याआधी स्वयंपाकघरातून लवूभाऊंचा खणखणीत आवाज आला, "थांबा हो, अजून हो म्हणायची हाय."

बायका हसल्या, इरम हसली, आणि दोह्यात अनस हसला. तो हसताना अडकला नाही. हसू पूर्ण झालं. मग वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि इरमनं होकार दिला.

ती साबणाची डबी अजून वळचणीखाली आहे. गुलाबी रंग उन्हानं विटला आहे. इरम माहेरी आली की तिच्याकडे बघून म्हणते, अम्मी, माझं रुखवत अजून अपुरंच आहे. मी अजूनही काळा फोन उचलते. आता त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून जरा जास्तच उचलते.

निवृत्त झाल्यावर आठवड्याभरानं दुपारी बाराला आमचा फोन वाजला. लवूभाऊ होते.

"काय हो, काही काम होतं?"

"नाय, काम कसला. लाइन चालू हाय काय ते बगितला."

मी विचारलं, "तुम्हालाही लागली का सवय?"

ते म्हणाले, "आज सरंगा आलाय म्हणतात बंदरावर."

आला होता. मी त्यांना यायला सांगितलं.